पातेरा, पेट्रोल आणि दहा मिनिटं

काजूचा हंगाम तोंडावर आला की आपल्या मालवण पट्ट्यात बागेतला पातेरा काढायची घाई. आता खराट्याच्या जोडीला पेट्रोलवरचा ब्लोअर आलाय. काही ब्लोअरना पाला आत ओढणारी नळीही लागते. त्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो.

काटकी अडकून नळी तुंबली? इंजिन बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या, प्लगची कॅप काढा. मगच हात घाला.

पेट्रोल संपलं? यंत्र पातेऱ्यापासून लांब, मोकळ्या कातळावर न्या. दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग भरा. सांडलेलं पुसा आणि थोडं बाजूला जाऊनच चालू करा. विडी तर नकोच.

सुका पातेरा एका ठिणगीवर पेटतो. गडगा गुरांना अडवतो, वणव्याला नाही. वाट बघा, दहाच मिनिटं.