पाऊस सरल्यावरची ज्वारी

खानदेशात पावसाने ओढ दिली की बोलणे लगेच कापसाकडे आणि केळीकडे वळते. स्वाभाविकच आहे, पैसा तिथे आहे. मला मात्र आज ताटाबद्दल बोलायचे आहे. मी कवी माणूस, शेतीशास्त्र शिकलेलो नाही. पण भाकरी मला कळते.

रावेर-यावलचा केळीवाला स्वस्थ बसलेला नाही. ठिबक आले, ऊतिसंवर्धित रोपे आली, वारा अडवायला बागेभोवती गजराज गवत उभे राहिले. तरीही मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, पाने करपतात. आणि मृगाच्या आगेमागे एखादे वादळ निसवलेली बाग घटकाभरात आडवी करते. ज्याला खर्च परवडतो, त्याची ही गत.

कोरडवाहूवाल्याकडे दादर होती. ही ज्वारी पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. खरिपात मूग-उडीद काढून घ्यायचा, मग दादर पेरायची. दाणा माणसाला, कडबा गुरांना. ज्वारीत उडीद घालून दळला की कळणा. कळण्याची भाकरी सहरीला खाल्ली, तर रोजा जड जात नाही, हे आमच्या घरचे शास्त्र.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि तो झपाट्याने पसरला. कापूस हिवाळ्यापर्यंत रान अडवून ठेवतो. दादरीला जागा उरणार कुठे? आता ज्वारीवाला गव्हावर आला. रेशनचे धान्य जानेवारी २०२३पासून मोफत आहे, त्याने पोट भरते, हे नाकारू नये. पण रेशनच्या दुकानात कडबा मिळत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. त्या निमित्ताने ज्वारीची बिस्किटे तेवढी शहरात पोचली.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फडपद्धती आहे, काही शतकांची. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याचा तुकडा साधारण प्रत्येक फडात. पाणी कमी असेल त्या वर्षी गाव ठरवते, अमुक फड भिजवायचा नाही. तोटा सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा येतो. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो. धरणे झाली, विहिरी खोल गेल्या, तशी ही रीत मोडत चालली. ठिबकची नळी ज्याची त्याची असते. फड गावाचा होता.

दादरीसाठी फार काही लागत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहेच. जळगाव-धुळ्याची दादर इथेच खरेदी करून इथल्याच दुकानांत देता येईल. अडते ते दुसरीकडे. ताट उंच, कापणीला मजूर मिळत नाही, आणि कणसे खुडून घरी येईपर्यंत भाव पडलेला असतो. खरेदी केंद्र त्याआधी उघडले पाहिजे.