चालू स्थितीत

माळ्यावरच्या खोक्यांवरून आज सकाळीही घरी बोलणी खाऊन इथे आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

जुने संगणक जमवणाऱ्यांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षपदासाठी तुम्ही बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईची निवड केलीत. माझा संग्रह मोठा आहे म्हणून नव्हे, हे मला ठाऊक आहे. मोजकीच यंत्रं आहेत, पण बटण दाबलं की ती सगळी सुरू होतात. आजचं माझं बोलणं या एकाच गोष्टीबद्दल आहे. ते आधीच सांगते, म्हणजे मागच्या रांगेतल्या कुणाला चहाला जायचं असेल तर निवांत जाता येईल.

मुंबईतल्या संगणकाचा इतिहास म्हटलं की लोक कुलाब्याला जाऊन थांबतात. टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या गटाने घडवलेला, १९६० साली कामाला लागलेला, सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा टिफ्रॅक हा त्या इतिहासाचा मानाचा गणपती आहेच. पण गोष्ट माहीमच्या खाडीपाशी संपत नाही. साठच्या दशकात पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मदतीतून मिन्स्क संगणक आला. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ उभा राहिला. तो पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने बनवून विकला. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र सुरू झालं. जुहूला एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था होती. १९८६-८७ मध्ये अर्नेट या शैक्षणिक-संशोधन जाळ्याच्या कामात या जुहूच्या संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ लागली. आज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून त्याच दोन टोकांमध्ये माणूस किती वेळात पोहोचतो, हे इथे पवईहून आलेल्यांना विचारा.

एवढं सगळं आपल्या अंगणात घडलं आणि आपल्या टेबलांवर काय दिसतं? ॲपल टू, कमोडोर ६४, अमिगा. सुंदर यंत्रं आहेत, माझाही जीव जातो त्यांच्यावर. पण त्यांना सांभाळणारे जगात पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कमधल्या संगणक संग्रहालयात १९५१चा हारवेल डेकाट्रॉन संगणक २०१२ साली पुन्हा सुरू केला आणि तो चालताना लोक बघतात. आपल्या डीबी स्पेक्ट्रमकडे कोण बघणार? पुण्याच्या डेसिबेल्सने १९८६ साली परवाना घेऊन बाजारात आणलेलं हे सिंक्लेअरचं स्पेक्ट्रम प्लस. ४८ के मेमरी, पडद्याला घरचा टीव्ही, आणि प्रोग्राम कॅसेटवरून. ज्या टेपरेकॉर्डरवर सकाळी नाट्यगीतं लागायची, त्याच्याच हेडचा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवत दुपारी गेम लोड व्हायचा. आणि संध्याकाळी गाणं फाटलेलं का येतंय म्हणून घरात चौकशी. झेनिथचे जुने पीसी, क्लास या संगणक-साक्षरता योजनेत शाळांमध्ये आलेले बीबीसी मायक्रो, बँकांमधली खातेवहीच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशीन ही आपली जबाबदारी आहे, ती दुसरं कोणी उचलणार नाही.

लेजर पोस्टिंग मशीनबद्दल मी जरा जास्त बोलेन, तेवढी सूट द्या. १९८३ साली यांत्रिकीकरणाबद्दल बँकांचा कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ साली त्याच विषयावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग शाखांमध्ये ही यंत्रं हळूहळू शिरली. घाटकोपरच्या आमच्या शाखेत ते आलं तेव्हा आम्ही त्याच्याकडे नोकरी घालवायला आलेल्या पाहुण्यासारखं बघितलं. वर्षभरात त्यावर बसायला नंबर लागायला लागले, कारण महिनाअखेरीला संध्याकाळची लोकल मिळायला लागली होती. पुढे कोअर बँकिंग आलं आणि ही यंत्रं एकगठ्ठा भंगारात निघाली. हजारो माणसांच्या हातांची सवय बदलणारं ते यंत्र आज आपल्यापैकी एकाच्याही घरी नाही.

आपल्या छंदाचा हंगाम सध्या पुनर्विकासाच्या वेळापत्रकावर चालतो. बोरिवलीत, मुलुंडला, घाटकोपरला जुन्या सोसायट्या पाडायला निघाल्या आहेत. घर रिकामं करायची तारीख लागली की माळा उघडतो, तांब्याच्या घंगाळामागून थर्माकोलसकट खोका निघतो आणि रविवारी भंगारवाला येतो. तो किलोवर घेतो. त्याला दोष देऊ नका. सिरॅमिक प्रोसेसरच्या सोनेरी पिना त्याला आपल्याहून चांगल्या कळतात. तिथून माल साकीनाका-कुर्ल्याच्या गाळ्यांत जातो, आणि सोन्यासाठी ॲसिडात बोर्ड बुडवणाऱ्या माणसाच्या छातीत काय जातं ते आपण जाणतो. कंपन्यांचा आणि बँकांचा माल ई-कचरा नियमांमुळे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जातो. ते योग्यच आहे, पण तिथे यंत्राचा थेट चुरा होतो. म्हणजे आपल्या हाती उरतो तो घरचा माळा. तेव्हा पुनर्विकासासाठी ज्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा लागली आहे, तिच्या सूचनाफलकावर ‘जुनी यंत्रं आम्हाला द्या’ असा आपला कागद पॅकर्सच्या जाहिरातीआधी लागला पाहिजे.

आता मुद्द्यावर येते. यंत्र चालू कशाला हवं? काचेच्या कपाटात बंद पडलेलंही ते छानच दिसतं.

साधारण १९८५ ते २००५ या काळात मराठीत जे काही संगणकावर लिहिलं, जुळवलं, साठवलं गेलं, त्यातलं कितीतरी आजचा संगणक वाचू शकत नाही. डॉसच्या दिवसांत सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. ते संगणकाच्या आत खाचेत बसवलं की डीबेस, वर्डस्टार यांच्यातही देवनागरी उमटायची. ती खाच आजच्या संगणकात नाही. मग विंडोज आलं आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही मराठी फॉन्टांची सॉफ्टवेअर घरोघरच्या डीटीपीवाल्यांकडे पोहोचली. त्या काळच्या या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवायची, ‘ग’चा काना वेगळा, ‘ऱ्या’मधला अर्धा र भलत्याच घरात. फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. रूपांतराची साधनं आहेत, पण ती नेमकी जोडाक्षरांत घसरतात, आणि मूळ मजकूर कसा दिसत होता हे ताडून बघायला मूळ सॉफ्टवेअर लागतं. त्यातल्या अनेकांना मागच्या पॅरलल पोर्टला लावायचं कुलूप होतं, ज्याला आपण डाँगल म्हणतो. डाँगल आहे पण पोर्ट नाही, पोर्ट आहे पण डाँगल हरवलं, असे किती डीटीपीवाले मला भेटले! एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर एक अख्खी कादंबरी मावायची. ग्रामपंचायतींच्या स्मरणिका, ज्ञातिसंस्थांचे वंशवृक्ष, दिवाळी अंकांचे न छापलेले मजकूर, एखाद्या नाटकाचा पहिला खर्डा असं काय काय त्या चपट्या चौकोनांत बसलंय. या गोंधळातून वाट निघाली ती पुढे. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणारे आणि नंतर जुहूच्या एनसीएसटीत काम केलेले र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार. विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांच्या हातचा. मंगल आणि सगळीकडे एकच बैठक असलेलं युनिकोड आल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. मागचं मात्र मागेच राहिलं.

म्हणून माझ्या दृष्टीने पॅरलल पोर्ट, फ्लॉपी ड्राइव्ह आणि विंडोज ९८ असलेला एक मळकट पेंटियम, ज्याला बाजारात कुणी विचारत नाही, तो पॅकबंद मॅकिंटॉशपेक्षा मोलाचा आहे. मॅकवाले रागावतील. रागवा.

यंत्र मूळ अवस्थेतच ठेवायचं, एकही भाग बदलायचा नाही, असा आग्रह आपल्यातले काही जाणकार धरतात. मला तो मुंबईच्या हवेत परवडणारा वाटत नाही. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधल्या रिफा कंपनीच्या कपॅसिटरच्या वेष्टनाला वयानुसार चिरा जातात, आत दमट हवा शिरते, आणि एके दिवशी खोलीभर धूर होतो. ३८६-४८६ बोर्डांवरची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती आजच काढा, संध्याकाळची वाट बघू नका. डाग अल्कलीचे असतात, पातळ व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. काढलेला भाग पुडीत घालून, वर तारीख लिहून यंत्राबरोबर ठेवा, म्हणजे इतिहासकारांचीही तक्रार राहणार नाही. आणि तळमजल्यावर राहणाऱ्यांनी २६ जुलै २००५ विसरू नये. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. कुर्ला-कलिन्यात त्या दिवशी काय काय बुडालं याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

खरेदी-विक्रीबद्दल थोडंसंच. यंत्र विकण्यात मला कमीपणा वाटत नाही. किंमत मिळते म्हणूनच ते किलोवर जात नाही. पण चालू यंत्र फोडून त्याचे भाग वेगवेगळे विकणाऱ्याला या टेबलांवर जागा देऊ नये, असं माझं मत आहे, आणि ते कार्यकारिणीत चर्चेला यावं. यंत्राबरोबर चिठ्ठी जावी, कोणाकडे होतं, कशासाठी वापरलं, कधी बंद पडलं. हार्ड डिस्कवर कुणा डॉक्टरचे किंवा सीएचे कागद निघाले, तर आधी मूळ मालकाला विचारा. तो नाही म्हणाला तर पुसा. बँकेत आयुष्य गेलं माझं, या एका बाबतीत मी ऐकणार नाही.

दुपारच्या सत्रात फ्लॉपी वाचण्याचं टेबल लागेल. आणलेली फ्लॉपी आधी ड्राइव्हमध्ये घालू नका. पत्र्याची झडप सरकवून उजेडात बघा, पांढुरके ठिपके असले तर ती बुरशी आहे. तशीच घातली तर हेड खराब होईल आणि मागाहून येणाऱ्या सगळ्यांच्या फ्लॉपी खरवडल्या जातील. अशा फ्लॉपी वेगळ्या डब्यात ठेवा, त्या धुऊन मग ग्रीझविझल या उपकरणावर चुंबकीय ठसा जसाच्या तसा उतरवून घेऊ. सव्वापाच इंचीवाल्यांनी यूएसबी ड्राइव्ह आणला असेल तर तो परत पिशवीत ठेवावा, त्याचा उपयोग नाही. जेवणाआधी नोंदवहीत नाव, साधारण वर्ष आणि सॉफ्टवेअर लिहा. फॉन्ट आठवत नसेल तर त्या फाइलवरून तेव्हा छापलेला एखादा कागद घरी असेल, लग्नपत्रिका, अंकाचं पान, काहीही. त्याचा फोटो पाठवायला घरच्यांना सांगा, अक्षराच्या वळणावरून फॉन्ट ओळखणारी दोन माणसं आज इथे आहेत.