ऐपतीचा दाखला
(जिल्हा वकील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार मानण्याची रीत मी मनापासून पाळतो. परंतु त्या पदास आपण कसे अपात्र आहोत हे विस्ताराने सांगण्याची जी दुसरी रीत आहे तिच्या भरीस पडत नाही, कारण ते खरे असेल तर निवड करणाऱ्यांचा उपमर्द होतो आणि खोटे असेल तर वेळ जातो. तिसरी रीत रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेण्याची. त्यावाचून मराठी मुलखात वकिलांची परिषद पार पडत नाही, तेव्हा तेही नाव मी घेतो. मात्र कथा जेथे थांबवतात त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन. राघोबादादास त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे शास्त्रीबोवा आपल्या सर्वांच्या स्मरणात आहेत; पण ते प्रायश्चित्त अमलात आले नाही, पुणे सोडावे लागले ते शास्त्रीबोवांना, आणि दादासाहेब पुढे कित्येक वर्षे राजकारण करीत राहिले, हा कथेचा उत्तरार्ध आपण सोयीने विसरतो. निर्भीड निकालाचे कौतुक करणे सोपे असते; निकालानंतर काय झाले याची शहानिशा करणे तितके सोपे नसते.

लक्षावधी लोकांच्या ठेवी आणि बँकांचा पैसा गिळंकृत केल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे अशा धनाढ्य आरोपींना आपल्या न्यायव्यवस्थेकडून जी सौम्य वागणूक मिळते, तिच्याविषयी आज मला बोलावयाचे आहे. या विषयावर एस. टी. स्टँडपासून क्लबापर्यंत सर्वत्र एकच मत ऐकू येते, ते असे की न्याय विकत मिळतो. हे निदान मला अपुरे वाटते. लाच घेणारा सापडला तर त्याला बडतर्फ करता येते. पण मी ज्या सौम्यपणाविषयी बोलतो आहे तो कलमांतून, मुदतींतून आणि छापील नमुन्यांतून राजरोस चालतो, आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर तुमच्या-माझ्यापैकी कोणाची तरी सही असते.

आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक 12 चे उदाहरण घ्या. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाचा अर्ज लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयापुढे होता तेव्हा त्यांच्या वकिलांनी आपल्या तुरुंगांच्या अवस्थेचा मुद्दा काढला, आणि मल्ल्यांना जेथे ठेवले जाणार होते त्या खोलीत सूर्यप्रकाश येतो की नाही हे पाहता यावे म्हणून न्यायाधीशांनी 2018 च्या जुलैमध्ये चित्रफीत मागवली. सरकारने ती चित्रीकरण करून पाठवली. त्या वर्षाच्या डिसेंबरात प्रत्यार्पणाचा हुकूमही झाला. बंदिवानाच्या खोलीत ऊन यावे अशी अपेक्षा धरणाऱ्या न्यायाधीशांना मी मुळीच हसत नाही, उलट त्यांना नमस्कार करतो. परंतु ज्या तुरुंगाची मंजूर क्षमता त्या वेळी 804 होती आणि जेथे तिपटीहून अधिक माणसे दाटीवाटीने झोपत होती, तेथल्या एका बराकीत उजेड कसा पडतो याची काळजी सरकारला वाटावयास परदेशी न्यायासनाची विचारणा आणि नामांकित बॅरिस्टरांची फौज लागली. शेजारच्या बराकींतील माणसांसाठी कोणी कॅमेरा आणल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता मुदतीचा प्रश्न. तपासयंत्रणेने ठराविक दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही तर आरोपीस जामिनावर सुटण्याचा हक्क प्राप्त होतो, हे येथे कोणास सांगावयास नको. येस बँकेच्या प्रकरणात अटक झालेल्या डीएचएफएलच्या प्रवर्तकांनी 2020 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे असा प्रश्न उपस्थित केला की साठ दिवस मोजताना ज्या दिवशी आरोपी कोठडीत धाडला गेला तो पहिला दिवस धरावयाचा की सोडावयाचा. एका दिवसाचा फरक. पण त्या एका दिवसावर सक्तवसुली संचालनालयाची तक्रार मुदतीत पडत होती किंवा मुदतीबाहेर. उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये जामीन दिला, संचालनालय सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे स्थगिती मिळाली, प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले, आणि 2023 च्या मार्चमध्ये तीन न्यायमूर्तींनी पहिला दिवस धरावयाचा असा निर्णय दिला. माझ्या मते तो निर्णय बरोबर आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा हिशेब करताना दिवस गाळून चालत नाही. मात्र त्या एका दिवसासाठी पावणेतीन वर्षे लढण्याचे बळ कोणाजवळ होते, आणि आपल्याच जिल्ह्याच्या कारागृहात ज्यांचा साठावा दिवस कधीच उलटून गेला, पण अर्ज करावयाचा असतो हेही ज्यांना कोणी सांगितले नाही, अशी माणसे किती, हे दोन प्रश्न मी एकाच दमात विचारीन. (हेच प्रवर्तक 2020 च्या एप्रिलमध्ये, देश टाळेबंदीत असताना, गृहखात्याच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्रावर मोटारींच्या ताफ्यासह खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले होते, आणि त्याच दिवसांत मजूर डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गाने चालत होते, याचे विस्मरण आपल्याला इतक्या लवकर व्हावे याचे मला नवल वाटते.)

2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार बंदी होते आणि त्यांपैकी 4 लाख 34 हजारांहून अधिक कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतील तिघांचा अपराध शाबीत व्हावयाचा होता. यांतील पुष्कळांना जामीन नाकारलेलाही नसतो. जामिनाचा हुकूम होतो, पण सुटका होत नाही. आपल्या तालुक्याच्या कोर्टात हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ट्रॅक्टरची बॅटरी चोरल्याच्या आळावर धरलेला ऊसतोडणीचा मजूर, पंधरा हजारांचा एक लायक जामीनदार द्यावा असा हुकूम, मग जामीनदाराचा सातबारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, तहसील कचेरीतून ऐपतीचा दाखला. गावाकडचा भाऊ दोनशे मैलांवरून येतो तो शुक्रवारी दुपारी, तेव्हा अव्वल कारकून रजेवर असतो आणि सोमवारी कसली तरी सुटी निघते. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या ओळखीच्या माणसांकडेही ती नसते, हे साधे सत्य आपल्या नमुन्यात कोठेच बसत नाही. त्यामुळे कोर्टाच्या आवाराबाहेर भाड्याचे जामीनदार उभे राहतात, आणि ते आपल्याला नावानिशी ठाऊक असतात.

हे आजचे नाही. 1978 साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला जामिनावर सोडावे असे त्या न्यायालयानेच आधी सांगितले होते. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ पुढे आला तेव्हा तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले, आणि परजिल्ह्यातील जामीनदार नाकारण्याच्या वहिवाटीची अशी हजेरी घेतली की ती तेथेच संपावयास हवी होती. ती संपली नाही हे आपण जाणतो.

दुसऱ्या टोकास दिरंगाई आहे. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांच्या भागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याचे प्रकरण फिरोज गांधींनी लोकसभेत काढले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची नेमणूक जानेवारी 1958 मध्ये झाली, चौकशी लोकांसमक्ष चालली, आणि फेब्रुवारीत अहवाल येऊन त्याच महिन्यात अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्यानंतर चौतीस वर्षांनी रोखे घोटाळा झाला तेव्हा खास कायदा करून खास न्यायालय स्थापन केले गेले; तरी मुख्य आरोपी हर्षद मेहता 2001 च्या अखेरच्या दिवशी कोठडीत असताना निवर्तले तेव्हा त्यांच्यावरील बहुतेक खटले अनिर्णीतच होते. सत्यमच्या प्रकरणात तर संस्थापकाने 2009 च्या जानेवारीत हिशेब खोटे असल्याचे स्वतःच पत्राने कळवले. शिक्षा लागली ती 2015 च्या एप्रिलमध्ये, सात वर्षांची, आणि मे महिन्यात ती स्थगित होऊन जामीन झाला. खटला चालू असताना ते अडीच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी फिर्यादीच्या वकिलासारखा बोललो असे होईल.

परंतु या सर्वांहून मला जी गोष्ट अधिक अस्वस्थ करते ती तडजोडीची. 2023 च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बुद्धिपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि ज्यांची खाती फसवणुकीची म्हणून नोंदली गेली आहेत अशांशीही बँकांना तडजोड करण्याची मुभा दिली. फौजदारी कारवाईस बाध न येता, असे शब्द त्यात आहेत, तरी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला. तो आक्षेप अनाठायी नव्हता. स्टर्लिंग बायोटेकच्या संदेसरा बंधूंवर 2017 साली पाच हजार कोटींहून अधिक रकमेच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला, ते देश सोडून गेले, 2020 साली त्यांना फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित केले गेले. आणि 2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, 5,100 कोटी रुपये भरल्यास त्यांच्याविरुद्धची फौजदारी प्रकरणे संपुष्टात आणण्यास संमती दिली. हा हुकूम दाखला म्हणून वापरू नये असे त्यातच म्हटले आहे. बँकांच्या बाजूने पाहिले तर पैसा परत येणे लहान गोष्ट नव्हे, आणि ठेवीदाराला आरोपीच्या तुरुंगवासापेक्षा आपली ठेव अधिक प्रिय असते हे मी पतसंस्थांच्या प्रकरणांत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तरी विचारतो: बॅटरी चोरणारा मजूर बॅटरी परत करतो, बहुधा पोलीस ती मुद्देमाल म्हणून त्याच्याकडून आधीच घेऊन गेलेले असतात, त्याला हिशेब मिटल्याची पावती कोण देतो? रक्कम पुरेशी मोठी असली म्हणजे गुन्हा कर्जाच्या खात्यावर चढतो, आणि कर्ज चुकते करावयाचे असते, भोगावयाचे नसते.

याचे उलटे रूप आपल्या दख्खनने पाहिलेले आहे. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, त्यामागे दिवाणी न्यायालयांचे एकतर्फी हुकूमनामे होते आणि त्या हुकूमनाम्यांच्या बजावणीत ऋणकोला तुरुंगात टाकण्याची सोय होती. 1879 च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करण्यास मनाई केली. म्हणजे गरिबाचे कर्ज गुन्ह्यासारखे वसूल होत होते ते थांबवावयास दंगा व्हावा लागला. श्रीमंताचा गुन्हा कर्जासारखा मिटवावयास चांगला मसुदा लिहिणारा वकील पुरतो.

दंडसंहितेची मापे तर आपल्या नित्य वापरातली. रात्री लपतछपत घरात शिरून चोरी करू पाहणाऱ्यास चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि फसवणुकीस कमाल सात. मेकॉलेच्या काळापासून चालत आलेले हे प्रमाण नव्या न्यायसंहितेतही तसेच उतरले. बँकर वा लोकसेवकाने केलेल्या विश्वासघातास जन्मठेप आहे, कंपनी कायद्यात दहा वर्षे आहेत, महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा कायदा आहे. कलमांची वाण नाही. त्यांच्यापर्यंत खटला पोचेपर्यंत साक्षीदार निवृत्त होतात आणि मूळ दप्तराला वाळवी लागते, एवढेच.

यावर उपाय म्हणून श्रीमंतांचा जामीन बंद करा अशी मागणी करणाऱ्यांत मी नाही. आर्थिक अपराध हा वेगळा वर्ग आहे, म्हणून जामिनाचा विचार वेगळा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने काही निर्णयांत म्हटले आहे, आणि शिक्षेआधी तुरुंग हीच शिक्षा होऊ नये असेही. वकील म्हणून मी दुसऱ्या मताच्या बाजूचा आहे. कडक केलेले कलम अखेर दुबळ्याच्याच मानेवर बसते हे आपण पुष्कळदा पाहिले. पण ज्या कायद्याचा लाभ देऊन आपण धनिकास सोडवतो तोच कायदा आपल्याच जिल्ह्यातील मजुराच्या कामी यावा, एवढे तरी आपल्या हातात आहे, आणि ते आपण करीत नाही याची कारणे मला सन्मानाची वाटत नाहीत. मोफत कायदेशीर मदतीची प्रकरणे आपण नवशिक्या कनिष्ठाकडे सोपवतो, तारखेला तहकुबीचा अर्ज पाठवतो, आणि मोठ्या पतसंस्थेच्या अध्यक्षाचे वकीलपत्र मिळाले की शनिवारचीही सुटी घेत नाही. हे मी इतरांविषयी बोलतो असे कोणी समजू नये.

म्हणून विषयनियामक समितीपुढे मी एक ठराव ठेवीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, जामीन मंजूर होऊनही बंदी सात दिवसांत सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावयाचे असते, आणि महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाला स्वतः होऊन अट शिथिल करता येते. केंद्र सरकारची गरीब बंद्यांना आर्थिक साहाय्य देणारी योजनाही आहे. आपल्या जिल्ह्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन वकिलांनी, त्यांत एक निदान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा, कारागृहात जाऊन अशा बंद्यांची यादी घ्यावी, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेले आणि कमाल शिक्षेच्या तृतीयांशाइतका काळ आत काढलेले कोण आहेत ते वेगळे काढावे, आणि त्यांचे अर्ज त्याच आठवड्यात न्यायालयापुढे ठेवावेत, असा तो ठराव आहे. पाळीपत्रकात माझे नाव पहिल्या महिन्यात घातलेले आहे. ठरावाची भाषा घाईने लिहिलेली असल्यामुळे समितीने ती खुशाल सुधारावी. मात्र सात दिवस आणि एक महिना हे दोन आकडे त्यातून गाळू नयेत, आणि अनुभवाची अट सवडीनुसार अशा शब्दांनी सैल करू नये, इतकी माझी सूचना आहे.