गोळीच्या आधी तपासणी



वस्तीतल्या बैठकांमध्ये हल्ली मला विचारतात, "ताई, मेलाटोनिनच्या गोळीनं अंडाशयाचा कॅन्सर बरा होतो म्हणे?" त्याविषयी थोडे बोलते.

मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर मेंदूतली पिनिअल ग्रंथी सोडते ते संप्रेरक. आपल्या पेशींत 'वाढ', 'जग', 'थांब' असे निरोप पोचवणाऱ्या साखळ्या असतात. 'पीआय३के–एकेटी' ही त्यातलीच एक. या कॅन्सरमध्ये ती पुष्कळदा चालूच राहते, मग पेशी वाढत सुटतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर मेलाटोनिनने अशा साखळ्या मंदावलेल्या दिसल्या. आशा वाटावी असे हे संशोधन आहे. पण स्त्रियांवर तो उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीची जागा ही गोळी घेऊ शकत नाही.

आपल्या जिवावर बेततो तो उशीर. बहुतेक जणींचा आजार पसरल्यावरच कळतो. ब्रिटनमध्ये २ लाखांवर स्त्रियांच्या अभ्यासात, तक्रार नसताना सरसकट तपासण्या करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. म्हणून शरीराच्या तक्रारीच ऐकायला हव्यात. पोट फुगणे, दोन घासांत भरणे, ओटीपोटात दुखणे, सारखी लघवी हे महिन्यातून बाराहून जास्त वेळा होत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी मागा. "वय झालं, गॅस असेल" एवढ्यावर परत येऊ नका. आणि तिला एकटीला पाठवू नका. आपल्यातली एक जण सोबत जाऊ दे.