रक्ताची साक्ष



शाळेंत शिकवीत असतांना जुळ्या भावांचीं नांवें मीं कित्येक वेळां चुकविलीं. मुलें हंसत आणि तास पुढें चाले. पण डॉक्टरांच्या हातून दोन रोगांचीं नांवें चुकलीं, तर तें हंसण्यावारी नेतां येत नाहीं. अशाच दोन जुळ्या रोगांविषयीं आज बोलावयाचें आहे.

पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. दुसरा क्रोनचा रोग. त्याचें वर्णन न्यूयॉर्कचे डॉक्टर क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलें. पोटदुखी, जुलाब, अशक्तता हीं लक्षणें दोहोंतहि दिसतात. परंतु पहिला रोग मोठ्या आंतड्याच्या अस्तरापुरता राहतो. दुसरा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेंहि उद्भवतो आणि आंतड्याच्या भिंतींत खोल शिरतो. कोलायटिसमध्यें औषधें निरुपयोगी ठरलीं, तर मोठें आंतडें काढून लहान आंतड्याची पिशवी करून देतां येते. क्रोनच्या रोगांत ती पिशवी निकामी होण्याचा धोका फार. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं रोगाचें नांव निश्चित झालेलें बरें.

येथें रक्ताची साक्ष काढतात. पाव फुगविणाऱ्या यीस्टविरुद्ध जीं प्रतिपिंडें रक्तांत आढळतात त्यांस ‘आस्का’ म्हणतात. तीं क्रोनच्या रोग्यांत अधिक असतात. दुसरीं ‘पी-आन्का’. तीं आपल्याच पांढऱ्या पेशींना चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पेशीच्या केंद्राभोंवतीं उजळ कडें दिसतें. हीं कोलायटिसमध्यें अधिक.

ही साक्ष कितपत विश्वसनीय? अनेक अभ्यासांचें एकत्रित गणित २००६ सालीं मांडण्यांत आलें. आस्का आहे व पी-आन्का नाहीं, अशी जोडी क्रोनच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें ५५ जणांतच सांपडली. म्हणजे जोडी सांपडली तर तिला वजन आहे. न सांपडली तर रोग नाहीं असें मुळींच म्हणतां येत नाहीं. २००२ सालच्या एका अभ्यासांत, ज्यांच्या रोगाचें नांव ठरत नव्हतें असे ९७ रोगी होते. त्यांतील ४७ जणांच्या रक्तांत यांपैकीं एकहि प्रतिपिंड नव्हतें. जेथें साक्षीची गरज सर्वांत अधिक, तेथेंच साक्षीदार निम्म्या वेळां मुका!

आपल्या देशांत आणखी एक पेंच आहे. आंतड्याचा क्षय क्रोनसारखाच दिसतो, आणि या दोहोंत आस्का फरक करीत नाहीं, असें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील डॉक्टरांना २००७ सालीं आढळलें. क्षयाला क्रोन समजून प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें दिलीं, तर क्षय बळावतो.

तेव्हां तपासणीच्या कागदावरील एका शब्दावरून घरांतल्या घरांत रोगाचें नामकरण करूं नये. दुर्बिणीनें आंतून पाहणें, आंतड्याचा कण तपासणें आणि रोग्याची हकीकत नीट ऐकणें यांच्या पंक्तींत रक्ताची साक्ष बसवावी. जुळ्या भावांना ओळखण्यासाठीं मलाहि अखेर एका खुणेवर विसंबून न राहतां दोघांशीं बोलावें लागे.