सर, मला दोरी दिसली नव्हती
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘गणित-विज्ञान शिकवताना मनातल्या चित्रांचा उपयोग’ यावर दहा मिनिटं बोल, असा निरोप आला तेव्हा मला नववीतला गणिताचा एक तास आठवला. सर आज पहिल्याच रांगेत बसलेत, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

सर म्हणाले होते, “सगळ्यांनी डोळे मिटा. पृथ्वी म्हणजे गुळगुळीत चेंडू. विषुववृत्तावर तिला घट्ट दोरी बांधा. ४०,००० किलोमीटरची. आता ती सोडा, तिला फक्त १ मीटरचा तुकडा जोडा आणि सगळीकडे सारखं अंतर राहील अशी पुन्हा धरा. दिसली दोरी? मग सांगा, तिच्याखालून काय जाईल?”

कुणी म्हणालं केस, कुणी कागद. मागच्या बाकावरून “सर, मुंगीपण नाही!” असंही आलं. सरांनी फळ्यावर १ मीटरला २ पायने भागलं. उत्तर आलं जवळजवळ १६ सेंटिमीटर. म्हणजे मांजर आरामात जाईल. वर्ग अवाक.

तर सर, “दिसली दोरी?” या प्रश्नाला मी सगळ्यांबरोबर मोठ्यांदा “हो” म्हणाले, ते खोटं होतं. मला काहीच दिसलं नव्हतं. डोळे मिटले की मला अंधार दिसतो, आजही. ‘डोळ्यांसमोर आणा’ हा नुसता वाक्प्रचार आहे असंच मला वाटायचं. पोटात कावळे ओरडतात म्हणतो, तेव्हा कावळे थोडेच असतात?

पण शंकू तिरका कापला तर काय दिसेल, असं विचारल्यावर शेजारची पटकन सांगायची आणि मी गप्प. त्यावरून मी ठरवून टाकलं की भूमिती आपल्या डोक्याबाहेरची आहे. मी प्रमेयं चक्क पाठ केली. मार्क मिळाले, म्हणून कुणाला कळलं नाही.

ती दोरी मात्र सुटेना. भागाकार पटला होता, पण पृथ्वीएवढ्या दोरीला एक मीटर पुरतोच कसा? मे महिन्यात घरी कॅरम बोर्डाला कडेने सुतळी लावली. मग चारही बाजूंना एकेक वीत सोडून बाहेर दुसरा चौकोन केला. जास्तीची सुतळी लागली आठ विती. बोर्डाऐवजी पाट घेतला, तरी आठ विती. भावाला दुसऱ्या टोकाला उभं करून अंगण मोजलं. आठच! बाजू नुसत्या बाहेर सरकतात, लांबत नाहीत. वाढीव सुतळी सगळी कोपऱ्यांत जाते, दर कोपऱ्याला दोन विती, आणि कोपरे तर चारच. वर्तुळाला कोपरे नसतात, पण दोरीला एक पूर्ण फेरा वळावं लागतंच. तेच वळण तिथे थोडंथोडं सगळीकडे वाटलेलं असतं. मग आत संत्रं असो की पृथ्वी, फरक पडत नाही. हे मला चित्र न दिसता कळलं, हातांनी.

बाकीच्यांना खरोखरच चित्र दिसतं, हे मला चाळिशी उलटल्यावर ऑफिसात कळलं. एक सहकारी म्हणाला, “कोड लिहिण्याआधी मला अख्खी स्क्रीन दिसते.” मी विचारलं, “दिसते म्हणजे?” त्या दिवशी आमचं दुसरं काही काम झालं नाही. मग वाचत गेले. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगून काय दिसतं ते विचारलं होतं. काहींना ते लख्ख दिसे. काहींना काहीच नाही, आणि त्यांत वैज्ञानिकही होते. त्यांनाही ती बोलण्याची रीतच वाटत होती! २०१५ मध्ये ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ‘अफँटेसिया’ हे नाव दिलं. ‘टॉय स्टोरी’ काढणाऱ्या पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमल यांनीही आपल्याला मनात चित्र दिसत नाही असं सांगितलं आहे. ते वाचून मी अर्धा तास हसत होते.

म्हणून चित्रं सोडून द्या, असं मी म्हणत नाहीये. फॅरेडेंचं गणित जुजबी होतं. चुंबकाभोवती लोहकीस जशा रेषा धरतो, तशा बलरेषा त्यांनी अवकाशभर कल्पिल्या, आणि मॅक्सवेलनी पुढे त्यावरच समीकरणं उभारली.

पण त्या तासाचं मला आता जाणवतं ते वेगळंच. ज्यांना दोरी स्पष्ट दिसली, त्यांचंही उत्तर चुकलं होतं. अख्खी पृथ्वी मनात मावायची तर ती लहान करावी लागते, आणि त्यात १६ सेंटिमीटर दिसणार कुठून? म्हणजे चित्र दिसणं आणि कळणं वेगळं. चित्राला प्रश्न विचारावा लागतो: काय सरकलं, काय लांबलं, काय तसंच राहिलं?

आपल्यातल्या चौघीजणी आज शिक्षिका आहेत. त्यांना एवढंच सांगते, ‘डोळे मिटा’ जरूर म्हणा, पण लगेच डोळे उघडायला लावून ते चित्र वहीत काढून घ्या, नाहीतर सुतळीने करून बघू द्या. आणि “दिसलं का?” असं सगळ्या वर्गाला एकदम विचारू नका. सगळा वर्ग हो म्हणतो.

सर, तुमचा तास नसता तर मी अंगण मोजलं नसतं. खेळाच्या खोलीत कॅरम बोर्ड अजून आहे, मी सकाळीच बघून आले. पर्समध्ये सुतळीचा गुंडा आहे. चहा झाला की या.