गरिबाची वंशावळ



वंशावळ म्हटली की राजे, सरदार, इनामदार डोळ्यांसमोर येतात. ज्याला वाटून घ्यावयास जमीनजुमला नाही, त्याने खापरपणजोबाचे नाव कशाला शोधावे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषिक शेतकऱ्याची, सुताराची, गिरणीकामगाराचीही वंशावळ पुष्कळदा साडेतीनशे वर्षे मागे नेता येते. ती कशी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

१६०८ साली शांप्लँ याने क्वेबेक वसविले. तेथील पाद्री प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह आणि दफन वहीत नोंदवीत. १६४० मध्ये चर्चला आग लागून वह्या जळाल्या, तेव्हा लोकांच्या आठवणीवरून त्या पुन्हा लिहून काढल्या. पुढे १६६७ च्या फ्रेंच राजाज्ञेने वहीच्या दोन प्रती ठेवावयाचे ठरले : एक चर्चमध्ये, दुसरी न्यायकचेरीत. एक नष्ट झाली तरी दुसरी उरे. गरिबाच्या नावाला इतका बंदोबस्त क्वचितच लाभतो!

मात्र या वाटेवर आडनावे चकवतात. १६६५ मध्ये कारिन्याँ-सालिएर पलटणीचे बाराशेंवर शिपाई तेथे उतरले. त्यांतले सुमारे चारशे तेथेच स्थायिक झाले. फ्रेंच फौजेत शिपायाला टोपणनाव मिळे. लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे निश्चिंत. नोंदीत आधी मूळ आडनाव, मग ‘दी’, मग टोपणनाव. हा ‘दी’ म्हणजे आपला ‘ऊर्फ’. पुढे एक भाऊ मूळ नाव लावी, दुसरा ऊर्फाचे. म्हणजे सख्खे भाऊ दोन आडनावांचे!

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनडियन पोटासाठी अमेरिकेत गेले. त्यांतले पुष्कळ लोवेल, मँचेस्टर अशा गावांतील कापडगिरण्यांत लागले. तेथे कोणा लब्लाँचा व्हाइट झाला, कोणा ब्वाव्हेरचा ग्रीनवुड. हजेरीपट पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे. ज्या नावावर पगार मिळतो, ते नाव माणूस निमूटपणे आपले म्हणतो.

मग माग लागतो कशाने? आईच्या माहेरच्या नावाने. त्या वह्यांत विवाहित स्त्रीही आपल्या जन्माच्या आडनावाने नोंदलेली असे, आणि विवाहाच्या नोंदीत बहुधा वधूवर दोघांचेही आईबाप लिहीत. बापाचे नाव बदलले तरी त्या जोडप्यातील आईच्या नावावरून मागची पिढी ओळखता येते. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने जवळजवळ आठशे मुली तेथे लग्नासाठी पाठविल्या. त्यांत कित्येक अनाथ होत्या. फ्रान्समध्ये ज्यांना कोणी विचारले नसते, त्या आज लाखो लोकांच्या मूळ माता म्हणून नावानिशी ठाऊक आहेत.

लुई एबेर हा १६१७ साली पत्नी मारी रोले व मुले यांच्यासह क्वेबेकला आला. पुढे त्याचा पुरुषवंश खुंटला. आडनावच धरून बसलो तर हे घराणे बुडाले म्हणावे लागेल. पण मुलगी गिल्मेत हिच्याकडून त्याची वंशवेल फोफावली, आणि ती दिसते कारण वहीत गिल्मेतचे नाव पुसले गेले नाही.

पाद्री तांगे यांनी अशा नोंदींतून १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश सिद्ध केला. १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठाने नोंद नोंदीला जोडण्याचे काम चालविले. आणि १९८१ पासून क्वेबेकच्या कायद्याने विवाहानंतरही स्त्रीचे जन्मनाव हेच तिचे कायदेशीर नाव राहते.

मित्रहो, आडनाव कधी कप्तान देतो, कधी कारकून बदलतो. घराण्याचा धागा टिकतो तो आईचे नाव कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवल्यामुळे. आज घरी गेल्यावर आपल्या आजीचे माहेरचे नाव आठवून पाहा. आठवले, तर ते लगेच कागदावर उतरवून ठेवा.